चोपन्न सेकंदांचा अभ्यास

"सर, पेपर तपासायला चुकलाय ना हो? बोर्डाला एक्क्याण्णव टक्के आणि सीईटीला फक्त अठ्ठ्याहत्तर?"

निकालाच्या आठवड्यात हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच. यंदा एक आई आल्या होत्या, मुलगी मागे दाराशी मान खाली घालून उभी. तपासण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सीईटीचा पेपर माणूस तपासत नाही. पण त्यांचा गोंधळ खोटा नव्हता. एक्क्याण्णव आणि अठ्ठ्याहत्तर हे आकडे दिसायला सारखे, जातीने वेगळे. पहिला टक्का, दुसरा पर्सेंटाईल. आणि ज्या दोन परीक्षांतून ते आले त्या परीक्षा एकाच पुस्तकावर बेतलेल्या असल्या तरी मुलाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतात. हा फरक अकरावीच्या पहिल्या महिन्यात कळला तर तयारीची दिशा बदलते. बारावीच्या जूनमध्ये कळला तर फक्त हळहळ उरते.

म्हणून सीईटी ही परीक्षा आतून कशी चालते, ते जरा निवांत उलगडून पाहू. मी इथे फक्त महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीबद्दल बोलतो आहे, त्यातही मुख्यतः पीसीएम गटाबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांच्या. पीसीबी गटाची मुले फार्मसी, कृषी अशा शाखांसाठी हीच परीक्षा देतात. मेडिकलचा रस्ता आता नीटमधून जातो.

आधी पेपरची रचना. एकूण तीन तास, दोन भागांत. पहिल्या नव्वद मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. ती वेळ संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित उघडते: नव्वद मिनिटे, ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. फिजिक्स-केमिस्ट्री इंग्रजी, मराठी किंवा उर्दूतून देता येते.

आता भागाकार करा. नव्वद मिनिटे म्हणजे ५,४०० सेकंद. शंभर प्रश्नांना वाटली तर एकाच्या वाट्याला ५४ सेकंद. गणितात पन्नास प्रश्न, म्हणजे एकाला १०८ सेकंद, पण तिथे गुण दोन. एका गुणाला किंमत पुन्हा तीच, चोपन्न सेकंद. या चोपन्न सेकंदांत प्रश्न वाचायचा, ओळखायचा, सोडवायचा, पर्याय शोधायचा आणि क्लिक करायचे. बोर्डाच्या परीक्षेत मुलगा प्रश्न वाचून पेनाचे टोपण उघडेपर्यंत इथे एक गुण येऊन गेलेला असतो.

बोर्ड काय मागते? मांडणी. सूत्र लिहा, किमती घाला, एकक लिहा, आकृतीला नावे द्या. उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण सीईटीला पायऱ्या दिसत नाहीत. तिला फक्त तुम्ही कुठल्या पर्यायावर बोट ठेवले एवढेच दिसते.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. बारावीच्या गणितात निश्चित समाकलन नावाचे प्रकरण आहे, मुले त्याला 'डेफिनिट' म्हणतात. त्यातला हा जुना, सगळ्यांचा ओळखीचा प्रश्न: मर्यादा शून्य ते पाय भागिले दोन, वर साइनचा घन, खाली साइनचा घन अधिक कॉसचा घन. बोर्डाला हा तीन-चार गुणांना येतो. मुलगा या समाकलनाला आय म्हणून समीकरण एक लिहितो. मग एक्सच्या जागी 'पाय भागिले दोन वजा एक्स' घालतो, साइनचा कॉस होतो आणि समीकरण दोन मिळते. दोन्हींची बेरीज करतो, वर आणि खाली तेच येऊन एक उरतो. शेवटी आयची दुप्पट म्हणजे पाय भागिले दोन, म्हणून आय म्हणजे पाय भागिले चार. सुबक, अर्धे पान भरून.

सीईटीत हाच प्रश्न आला तर लिहायचे काही नसते. खाली दोघांची बेरीज आहे, वर त्या दोघांतला एक आहे, मर्यादांची बेरीज पाय भागिले दोन आहे. झाले. उत्तर दोन मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मे. पंधरा सेकंद.

पण गंमत पुढे आहे. क्लासमध्ये ही युक्ती शिकलेली बरीच मुले "असला प्रश्न दिसला की पाय बाय फोर" एवढेच लक्षात ठेवतात. पेपर काढणाऱ्यालाही हे माहीत असते. तो मर्यादा बदलून पाय भागिले सहा ते पाय भागिले तीन अशा करतो आणि पहिलाच पर्याय पाय भागिले चार ठेवतो. मुलगा प्रश्न पाहतो, खुश होतो, क्लिक करतो, पुढे जातो. खरे उत्तर पाय भागिले बारा. मर्यादांची बेरीज अजूनही पाय भागिले दोन आहे म्हणून युक्ती चालतेच, पण त्यांच्यातले अंतर आता पाय भागिले सहा आहे, आणि त्याचे निम्मे पाय भागिले बारा. ज्याने बोर्डासाठी ते अर्धे पान समजून लिहिले होते त्याला हे लगेच दिसते. ज्याने फक्त उत्तर पाठ केले तो आपण चुकलो हे निकालापर्यंत जाणत नाही. म्हणून "बोर्ड आधी की सीईटी आधी" या वादात मला फारसा अर्थ वाटत नाही. आधी ते अर्धे पान, मग ते पंधरा सेकंद. क्रम उलटा केला की सापळ्यात पाय पडलाच.

फिजिक्समध्ये दुसरी एक गोष्ट कामाला येते, तिला आम्ही वर्गात 'एककाची चाळणी' म्हणतो. पृथ्वीच्या पृष्ठभागालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा आवर्तकाल विचारला आहे. चार पर्यायांत त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण वेगवेगळ्या तऱ्हेने मांडले आहेत: एकात गुणाकार, एकात साधा भागाकार, दोनांत वर्गमूळ. सूत्र आठवत नाही. घाबरायचे नाही. त्रिज्येचे एकक मीटर, त्वरणाचे मीटर प्रति सेकंद वर्ग. भागाकार केला की सेकंदाचा वर्ग उरतो, वर्गमूळ घेतले की सेकंद. आवर्तकाल सेकंदातच हवा. त्रिज्या वर आणि त्वरण खाली असलेले वर्गमूळ एकाच पर्यायात आहे. बाकीचे तीन पर्याय प्रश्न न सोडवताच गळाले. (किमती घालून पाहिले तर हा काळ साधारण ८५ मिनिटे येतो, म्हणजे उपग्रह पृथ्वीची एक फेरी तुमच्या गणिताच्या पेपरच्या आत पुरी करतो.) बोर्डात अशी चाळणी लावायची सवय लागत नाही, कारण तिथे बहुतेक प्रश्नांना पर्याय समोर नसतात. ही सवय वेगळी लावावी लागते.

केमिस्ट्रीत अडचण वेगळीच आहे आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते: लॉग टेबल. बोर्डात लॉग टेबल वापरायला परवानगी असते, सीईटीत नसते. कॅल्क्युलेटर तर दोन्हीकडे नाही. वर्षभर टेबलाची पाने उलटून गणिते सोडवलेला मुलगा ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच विचारला की हातपाय गाळून बसतो. खरे तर इथे फक्त दोनचा लॉग ०.३०१० एवढे माहीत हवे. तीनमधून ०.३० वजा, उत्तर २.७. दोनचा लॉग, तीनचा ०.४७७१, सातचा साधारण ०.८४५ एवढ्यावर सीईटीतली बहुतेक लॉगची कामे भागतात. शिवाय वीसपर्यंतचे वर्ग, दहापर्यंतचे घन, दोन, तीन आणि पाचची वर्गमुळे. माझ्या वर्गात डिसेंबरनंतर लॉग टेबल दप्तरात ठेवायची, हातात घ्यायची नाही. पहिला आठवडा आरडाओरडा होतो, मग सवय होते.

आता अकरावी. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथे सांडतात. सीईटीत अकरावीला वीस टक्के भार आहे, बारावीला ऐंशी. म्हणजे प्रत्येक विषयाच्या पन्नास प्रश्नांत दहा अकरावीचे. फिजिक्सचे दहा गुण, केमिस्ट्रीचे दहा आणि गणिताचे दुप्पट म्हणजे वीस. एकूण चाळीस. ज्याने अकरावी सोडून दिली तो दोनशेच्या शर्यतीत एकशे साठवरून धावतो आहे.

पण ती सुटते कशी तेही पाहायला हवे. दहावीचा निकाल, मग ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या, कॉलेज बदलणे यात जुलै-ऑगस्ट निघून जातो. अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही, त्यामुळे घरीदारी कुणालाच तिची धास्ती नसते. दिवाळी, गॅदरिंग, आणि मार्चमध्ये "बारावीचा क्लास एप्रिलपासून सुरू" अशी जाहिरात. अकरावी कुठे आली नि कुठे गेली, कळतच नाही. बरे, सीईटीत अकरावीचे पुस्तक अख्खे नसते, निवडक प्रकरणेच असतात. फिजिक्समध्ये गती, गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश, स्थितविद्युत, अर्धवाहक अशी. गणितात त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमचय-संचय, फलने, सीमा वगैरे. नेमकी यादी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहा, कारण तीत अधूनमधून फेरबदल होतात. पण लक्षात घ्या, यांतली बरीच प्रकरणे बारावीच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्रिकोणमितीची सूत्रे कच्ची असतील तर बारावीचे इंटिग्रेशन एक पाऊल पुढे सरकत नाही. सीमा समजली नसेल तर डेरिव्हेटिव्ह म्हणजे नुसते तोंडपाठ सूत्र. त्या चाळीस गुणांसाठी केलेला अभ्यास बारावीच्या एकशे साठमध्येही व्याज देतो.

मीही ही चूक केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका बॅचला फेब्रुवारीत सांगून बसलो होतो, "आता वेळ नाही, अकरावी सोडा, बारावी पक्की करा." त्या बॅचच्या पेपरात अकरावीचे प्रश्न बारावीच्या तुलनेत सरळ होते, आणि माझी मुले ते नुसते पाहून पुढे गेली. परीक्षा संपल्यावर एकीने मला सरळ विचारले, "सर, ते दहा तरी आले असते ना?" त्यानंतर मी कुणालाही प्रकरण सोडायला सांगितलेले नाही.

आता त्या आईंच्या अठ्ठ्याहत्तरकडे येऊ. सीईटी एका दिवशी, एका पेपरवर होत नाही. परीक्षा संगणकावर, आणि दोन्ही गट मिळून अर्ज सात लाखांच्या पुढे जातात, तेव्हा ती अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कितीही काळजी घेतली तरी एखादा सोपा, एखादा अवघड निघतोच. मग सोप्या सत्रातल्या मुलाचे गुण आणि अवघड सत्रातल्या मुलाचे गुण एका तराजूत कसे घालायचे? त्यासाठी पर्सेंटाईल.

त्याचे सूत्र अगदी साधे आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना मिळाले ते मोजा, त्याला सत्रातल्या एकूण मुलांनी भागा आणि शंभरने गुणा. समजा सकाळच्या सत्रात २०,००० मुले बसली, पेपर सोपा होता, आणि ११८ किंवा त्याहून कमी गुण १८,४०० जणांना मिळाले. ११८ गुणांचा पर्सेंटाईल ९२. दुपारी पेपर अवघड निघाला आणि तिथे १०१ गुणांवरच १८,४०० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. तिथे १०१ गुणांचा पर्सेंटाईलही ९२. सतरा गुणांचा फरक, पण जागा तीच. सगळ्या सत्रांत हुशार आणि सामान्य मुले साधारण सारख्याच प्रमाणात विखुरलेली आहेत, हे या हिशोबाचे गृहीतक. हजारोंच्या सत्रांत ते बऱ्यापैकी खरे ठरते.

याचा अर्थ त्या मुलीचे अठ्ठ्याहत्तर म्हणजे तिला अठ्ठ्याहत्तर टक्के गुण नव्हेत. शंभरांत अठ्ठ्याहत्तर जण तिच्या बरोबरीला किंवा मागे, बावीस पुढे. पीसीएमला चार लाख मुले धरली तर अठ्ठ्याऐंशी हजार पुढे. हे ऐकल्यावर त्या आई जरा वेळ गप्पच बसल्या. पण याच हिशोबाची दुसरी बाजूही मी त्यांना दाखवली. वरच्या टोकाला एक-एक पर्सेंटाईल चढणे फार महाग. नव्व्याण्णवला चार हजार जण पुढे, ९९.९ ला चारशे, आणि पुण्याच्या सीओईपीत खुल्या गटातून कॉम्प्युटर हवे असेल तर ९९.८ च्या वरच बोलावे लागते. म्हणून तर पर्सेंटाईल दशांशानंतर सात घरांपर्यंत देतात. पण मधल्या गर्दीत उलटे असते. तिथे मुले दाटीवाटीने उभी असतात. दहा-बारा गुण वाढले तरी हजारो जण एकदम मागे पडतात. अठ्ठ्याहत्तरवर असलेल्या मुलीला नवे काही शिकण्याआधी फक्त हातचे गेलेले दहा-बारा गुण परत आणायचे असतात.

एक बारीक गोष्ट. एकूण पर्सेंटाईल हा तीन विषयांच्या पर्सेंटाईलची सरासरी नसतो, तो एकूण गुणांवरून वेगळा काढतात. आणि दोघांचा एकूण पर्सेंटाईल अगदी सारखा आला तर आधी गणिताचा पाहतात. गणितात दोन गुणांचा प्रश्न, आणि बरोबरीतही पहिला मान त्याचाच.

सत्रांची ही यंत्रणा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या तब्बल २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि त्या मुलांची ५ मे रोजी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. परीक्षेत उत्तर नक्की आले आहे आणि पर्यायांत ते नाहीच, असे झाले तर त्या प्रश्नापाशी कुढत बसू नका. खूण करून पुढे जा. नंतर हरकत नोंदवायची सोय असते, पण गेलेली मिनिटे परत द्यायची सोय नसते.

मग हातचे गेलेले गुण परत आणायचे कसे? इथे बहुतेक घरांत एकच उपाय ठरतो: टेस्ट सिरीज. लातूर पॅटर्नचा गाजावाजा झाला तो मुलांकडून सतत चाचण्या सोडवून घेण्याच्या पद्धतीमुळे, आणि त्यात तथ्य आहेच. पण चाचणी देणे आणि चाचणी उघडून पाहणे यांत फरक आहे. माझ्याकडे एक मुलगा होता. त्याने जानेवारी ते एप्रिल आठवड्याला दोन-तीन पेपर सोडवले. गुण एकशे पाचच्या आसपासच घुटमळत राहिले. प्रत्येक पेपरनंतर तो फक्त एकूण बेरीज पाहायचा, "सिली मिस्टेक झाल्या" म्हणायचा आणि पुढचा पेपर सुरू करायचा. मी त्याला पंधरा दिवस नवा पेपर द्यायला बंदी केली आणि जुने पाच पेपर उघडायला लावले. एक दोनशे पानी वही, प्रत्येक चुकलेला किंवा तुक्क्याने लागलेला प्रश्न हाताने लिहायचा आणि समोर पाचपैकी एक खूण करायची.

'ना', म्हणजे हे मला माहीतच नव्हते. 'सु', येत होते पण त्या वेळी सुचले नाही. 'आ', आकडेमोडीत चुकले. 'वा', प्रश्न नीट वाचला नाही. आणि 'तु', तुक्का मारला आणि लागला. शेवटची खूण मुलांना पटत नाही, कारण तिथे गुण मिळालेले असतात. पण तुक्क्याने मिळालेला गुण हा उसना गुण आहे, पुढच्या पेपरात तो परत मागितला जाईल.

त्याच्या वहीतल्या नोंदी मला अजून आठवतात. "फिजिक्स ३७. 'व्यास' दिला होता, मी त्रिज्या धरली. वा." "केमिस्ट्री १२. 'खालीलपैकी कोणते नाही' यातले 'नाही' दिसलेच नाही. वा." "फिजिक्स ८. साडेपाच मिनिटे घालवली, शेवटी सोडला." पाच पेपर उघडून झाल्यावर 'वा'ची गर्दी सगळ्यांत जास्त होती. 'ना' फार थोडे. म्हणजे तो "माझा सिलॅबस कच्चा आहे" असे म्हणत होता, पण त्याचा सिलॅबस पक्का होता. त्याचे वाचन कच्चे होते आणि एका प्रश्नाला कवटाळून बसायची खोड होती. उपाय बदलला. प्रश्नाचा शेवट आधी वाचायचा, म्हणजे काय विचारले आहे ते, मग सुरुवात. प्रश्नातले 'नाही', 'फक्त', 'किमान', 'व्यास' हे शब्द रफ कागदावर लिहायचे. आणि एका प्रश्नाला दीड मिनिट झाले की हात उचलायचा.

ही वही भरायला वेळ लागतो. तीन तासांच्या पेपरला चार-पाच तास, दोन दिवसांत. त्यामुळे आठवड्याला एकच पूर्ण पेपर पुरे. तीन पेपर देऊन एकही न उघडण्यापेक्षा एक देऊन पुरता उघडलेला बरा. हे मी पालकांना सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी साठ पेपरांच्या टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले असतात.

पेपर सोडवायचा क्रम ही शेवटची तांत्रिक गोष्ट. पहिल्या भागात फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र असल्याने कुठून सुरुवात करायची ते तुमच्या हातात आहे. केमिस्ट्रीत सिद्धांताचे प्रश्न बरेच असतात, एक तर येते किंवा येत नाही, त्यांना वीस-पंचवीस सेकंद पुरतात. केमिस्ट्री पस्तीस मिनिटांत आटोपली तर फिजिक्सला पंचावन्न मिनिटे राहतात, म्हणजे प्रश्नाला सहासष्ट सेकंद. चोपन्नवरून सहासष्ट, ही बारा सेकंदांची उसंत फार मोलाची. पहिल्या फेरीत फक्त हुकमी प्रश्न, बाकीच्यांना 'मार्क फॉर रिव्ह्यू'. दुसऱ्या फेरीत उरलेले.

आणि शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चुकीला दंड नाही, पर्याय चार. वीस कोरे प्रश्न डोळे मिटून भरले तरी सरासरीने पाच बरोबर येतात, चाळणीने एकेक पर्याय गाळून भरले तर त्याहून जास्त. जेईई मेन आणि नीटमध्ये मात्र हा खेळ चालत नाही, तिथे बरोबरला चार आणि चुकीला एक वजा. दोन्हीकडची परीक्षा देणाऱ्या मुलांनी हॉलच्या दारातच आज कुठली टोपी घालायची ते ठरवून आत जावे.

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि सीईटी एप्रिलमध्ये येते. मधल्या चार-पाच आठवड्यांवर मुले फार भरवसा ठेवतात. त्या दिवसांत नवे प्रकरण शिकता येत नाही. चुकांची वही दोनदा वाचून होते, अकरावीवर एक नजर फिरते, चार-पाच पेपर होतात, एवढेच. २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीला वर्षातून दोन संधी देण्याचा आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाईल धरण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त पहिलीला 'ट्रायल' म्हणून बसू नका.

बोर्डाच्या मार्कांचे काय, असेही विचारतात. इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत ते धरत नाहीत, पण पात्रतेसाठी पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. सीईटीत ९५ पर्सेंटाईल आणि बोर्डात या मर्यादेच्या खाली, असे झाले तर ९५ चा उपयोग शून्य.

त्यानंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. ऑप्शन फॉर्म भरताना गेल्या वर्षीचे कट-ऑफ जरूर पाहा, पण यादीचा क्रम स्वतःच्या पसंतीने लावा. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जात होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. मनात नसलेले कॉलेज "बघू तर खरे" म्हणून वर टाकले आणि तेच गळ्यात पडले, असे झाल्यावर कुणाला दोष देणार?

आणि कागदपत्रे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात अभ्यासामुळे नव्हे तर कागदामुळे जागा गमावणारे एक-दोन तरी असतात. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. ओबीसी आणि इतर काही गटांना नॉन-क्रीमी लेअरही. घरात अकरावीचे मूल असेल आणि पडताळणी झालेली नसेल, तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तो अर्ज याच वर्षी भरून टाका. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच कधी कधी सहा महिने जातात.